व्हायोलिनसाठी कर्ज द्यायचं का?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

पोलादपूर तालुक्यातल्या उमरठहून आमचा बचत गट तुमच्याशी बोलतोय. आजवर या कार्यक्रमात आम्ही शेळ्यांवर बोललो, नाचणीच्या पापडांवर बोललो, बँकेच्या हप्त्यांवर तर दोनदा बोललो. आजचा विषय जरा वेगळा आहे. व्हायोलिन. हसू नका, आम्हीही आधी हसलोच होतो.

झालं असं, की गेल्या जूनमध्ये बैठकीत आमच्यातल्या एका ताईनं सहा हजारांचं कर्ज मागितलं. अंतर्गत कर्ज आपण कशाकशाला देतो ते तुम्हाला सांगायला नको. बी-खत, शेळी, शिलाई मशीन, दवाखाना, पोरांची फी. नोंदवहीत कर्जाचं कारण लिहायचा रकाना असतो. तिथं काय लिहायचं म्हणून विचारलं तर ताई खाली बघत म्हणाली, "व्हायोलिन लिहा."

तिची मुलगी नववीत आहे. मे महिन्यात मामाकडं मुंबईला गेली होती. तिथं चाळीत शेजारी एक गुरुजी व्हायोलिन शिकवतात. ही महिनाभर त्यांच्या दारात बसून ऐकत राहिली, मग त्यांनीच हातात वाद्य दिलं. घरी आल्यापासून तिनं एकच धोशा लावला होता.

बैठकीत गलका झाला. एकजण म्हणाली, "पोटाला काय देणार ते तुणतुणं?" दुसरी म्हणाली, "श्रीमंतांचे चोचले हे." एका वहिनीचं म्हणणं मात्र अगदी सरळ होतं. गेल्या वर्षी तिनं दुसऱ्या शेळीसाठी कर्ज मागितलं तेव्हा शिल्लक नाही म्हणून आपण तिला थांबवलं होतं. शेळीला पैसे नव्हते, मग सारंगीला कुठून आले, असं ती विचारत होती. याला आमच्याकडं उत्तर नव्हतं.

शेवटी गटातल्या सगळ्यांत थोरल्या काकू बोलल्या. "जे आपण कधी ऐकलंच नाही त्याला हो तरी कसं म्हणायचं आणि नाही तरी कसं म्हणायचं? आधी ऐकू तरी." ठरलं. निर्णय महिनाभर पुढं ढकलायचा आणि दर आठवड्याला बैठक संपली की अर्धा तास व्हायोलिन ऐकायचं. आमच्याकडं रेंजचा काही भरवसा नाही, त्यामुळं बाजाराला पोलादपूरला जाईल तिनं फोनवर उतरवून आणायचं आणि गणपतीच्या मंडळाच्या स्पीकरवर लावायचं. त्या चार आठवड्यांत आम्हाला जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो.

पहिल्या आठवड्यात काय लावावं हा प्रश्नच होता. एकदम अनोळखी काही लावलं असतं तर बायका पिशव्या उचलून घरी गेल्या असत्या. म्हणून सनई लावली. बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई आणि तिच्याबरोबर पंडित व्ही. जी. जोग यांचं व्हायोलिन. विष्णू गोविंद जोग, आपले मराठी माणूस. पुढं लखनौला संगीताच्या कॉलेजात शिकवायला गेले, नंतर कलकत्त्याला आकाशवाणीत राहिले. १९८३ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. सनई-व्हायोलिनच्या त्यांच्या जुगलबंद्या फार गाजल्या.

(इथे दोन मिनिटांची ध्वनिफीत वाजवली होती.)

सनई आपल्या ओळखीची. लग्नाच्या मांडवात, पालखीच्या पुढं खालूबाजात ती असतेच. त्यामुळं सनईनं एक ओळ वाजवली आणि व्हायोलिननं तीच ओळ उचलून परत दिली की आम्हाला कळत होतं. दोघी जावा ओव्या म्हणताना एकीनं सोडलेली दुसरी पकडते तसं. हळूहळू ओळी आखूड होत गेल्या, तबला घाईला आला, आणि शेवटी सनई कुठली नि व्हायोलिन कुठलं हेच ओळखेना. एका मावशीनं हातातला तांदूळ निवडायचा थांबवला. आमच्या बैठकीत हे कधी होत नाही.

आता हे वाद्य आहे तरी काय? लाकडाची पोकळ पेटी, वर चार तारा, आणि घासायला एक गज. गज म्हणजे काठी आणि तिला ताणून बांधलेले घोड्याच्या शेपटीचे केस, दीडशे-दोनशे. नुसत्या केसांनी आवाज निघत नाही. त्यांना राळ घासावी लागते, झाडाच्या चिकापासून केलेली. राळेमुळं केस तारेला चिकटतो, तार ओढली जाते, ताण सहन झाला नाही की निसटते, पुन्हा चिकटते, पुन्हा निसटते. हे एका सेकंदात शेकडो वेळा चालतं. दाराची बिजागरी कुरकुरते ना, तेही असंच धरणं-सोडणं असतं. फरक इतकाच, की बिजागरीला शिस्त नाही आणि गजाला आहे.

पेटीच्या आत, बाहेरून सहज दिसत नाही अशी, एक छोटी काडी उभी असते. ती डिंकानं चिकटवलेली नसते, वरच्या-खालच्या फळीच्या दाबानंच उभी राहते. वरचा कंप खालच्या फळीकडं नेण्यात तिचा मोठा वाटा असतो. ती पडली तर व्हायोलिनचा आवाजच मरतो. इटलीत, जिथं हे वाद्य आजच्या रूपाला आलं, तिथले कारागीर त्या काडीला जो शब्द वापरतात त्याचा अर्थ 'जीव' असा आहे. हे सांगितल्यावर काकू म्हणाल्या, "म्हणजे घरातल्या बाईसारखी. दिसत नाही, पण काढली की घर बसलं." काकूंचं असंच असतं.

हे वाद्य परदेशी आहे, ही खरी गोष्ट. पण गजानं तार घासून सूर काढणं आपल्याला नवं नाही. सारंगी आहे, किंगरी आहे, राजस्थानात रावणहत्था आहे. व्हायोलिन इंग्रज-फ्रेंचांबरोबर आधी दक्षिणेत आलं आणि दोनशे वर्षांपूर्वी तिकडच्या गवयांनी ते आपलंसं केलं. त्यात तंजावरचा दरबार होता. तंजावर म्हणजे शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी वसवलेलं भोसल्यांचं राज्य. तिथल्या सरफोजीराजांच्या दरबारात वडिवेलू म्हणून एक कलावंत होता, दक्षिणेत व्हायोलिन रुजवणाऱ्या पहिल्या लोकांत त्याचं नाव घेतात. आमच्या गावात तानाजीरावांची समाधी आहे, त्यामुळं भोसल्यांचं नाव निघालं की बायका सावरून बसतात. श्रीमंतांचे चोचले म्हणणारी ताई त्या दिवशी पुन्हा तसं काही बोलली नाही.

आपल्याकडच्या वादकांनी धरायची पद्धतही बदलली. परदेशात उभं राहून हनुवटीखाली दाबून वाजवतात. आपल्याकडं मांडी घालून जमिनीवर बसतात आणि वाद्याचं टोक उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवतात. म्हणजे डावा हात वाद्य सांभाळण्यातून मोकळा होतो आणि बोट तारेवरून लांबवर सरकवता येतं. हे सरकवणं, म्हणजे मींड, आपल्या गाण्याचा प्राण आहे. तारा बहुतेकजण सा आणि प या सुरांत मिळवून घेतात.

आणि खरी मेख पुढंच आहे. बाजाच्या पेटीवर पट्ट्या असतात, पट्टी दाबली की ठरलेला सूर येतो. सतारीला पडदे असतात. व्हायोलिनला काहीच नाही. सगळी काळी गुळगुळीत फळी. बोट तांदळाच्या दाण्याएवढं इकडंतिकडं झालं की सूर गेला. तिथं खूण नाही, वाजवताना बघायलाही सवड नाही. बोटाला आठवण असावी लागते आणि कानाला भूक.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही मुद्दाम बाई निवडली. डॉ. एन. राजम. जन्म १९३८, केरळातल्या एर्नाकुलमचा. वडिलांनी अगदी लहानपणी, तीन वर्षांची असताना, हातात व्हायोलिन दिलं आणि दक्षिणेकडचं संगीत शिकवलं. पुढं त्यांनी पंडित ओंकारनाथ ठाकुरांकडं उत्तरेचं गाणं शिकून घेतलं आणि गळ्यातून जे निघतं ते जसंच्या तसं गजातून काढायचं असा ध्यास घेतला. याला गायकी अंग म्हणतात. गवई श्वास कुठं घेतो, शब्दावर जोर कुठं देतो, हे सगळं तारेवर. बनारसच्या हिंदू विद्यापीठात त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षं शिकवलं. २००४ साली पद्मभूषण. त्यांची लेक संगीता शंकर व्हायोलिन वाजवते, आणि नाती रागिणी आणि नंदिनी याही वाजवतात. आजी, लेक, नाती एका मंचावर बसून वाजवतात. घराणं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं बाप आणि मुलगा येतो, इथं बायकांच्या तीन पिढ्या एका ओळीत बसल्यात. त्यांचा फोटो आम्ही फोनवर फिरवला तेव्हा कर्ज मागणारी ताई तो बराच वेळ खाली ठेवेना.

राजमबाईंचं वादन सुरू झालं आणि पहिली दहा मिनिटं आमच्यातल्या निम्म्या जणी कंटाळल्या. खोटं कशाला बोला? एकच सूर, मग दुसरा, मग परत पहिला. तबला नाही, ताल नाही. हा आलाप. इथंच बहुतेक लोक रेडिओ बंद करतात, आम्हीही करत होतो. म्हणून एक सांगतो, ऐकताना आम्हाला उपयोगी पडलं. आलाप म्हणजे शेताची चिखलणी. अजून रोप लागलेलं नाही, पण कुठं पाणी आहे, कुठं उंचवटा आहे, बांध कुठवर आहे हे पायाला कळून घ्यायचं. राग नावाचं जे शेत आहे त्यात कुठले सूर आहेत आणि कुठल्या सुरावर पाय ठेवायचा नाही, हे वादक तुम्हाला हिंडवून दाखवतो. मग तबला येतो, लावणी सुरू होते. बंदिश पुन्हा पुन्हा येते, तिच्या मधेमधे ताना येतात, आधी छोट्या, मग लांब. लय वाढते. शेवटी गज इतका भराभर खालीवर होतो की एकेक सूर ठिणगीसारखा उडतो, त्याला झाला म्हणतात. तोवर जी बाई थांबली तिला आलापातले ते संथ सूर आता विजेसारखे धावताना ओळखू येतात. जी मधेच उठली तिला नुसता आवाजाचा गोंधळ ऐकू येतो.

वेगाबद्दल आमच्यात बरीच चर्चा झाली. एवढ्या वेगात बोटं चालतात कशी? उत्तर आमच्याच शेतात होतं. लावणीला नवी सून उतरते तेव्हा एकेक रोप बघून रोवते, आणि तिची ओळ वाकडी जाते. काकू मात्र डाव्या हातात मूठ धरून उजव्या हातानं रोवत जातात, डोळे समोर, तोंडानं गप्पा, आणि ओळ सरळ. दोन हात दोन वेगळी कामं करतात आणि एकमेकांची वाट बघत नाहीत. काकूंना हे एका पावसाळ्यात आलेलं नाही. व्हायोलिनमध्येही डाव्या हाताची बोटं सूर धरतात आणि उजवा हात गज चालवतो. ते दोन्ही एका क्षणाला जुळले नाहीत तर ताण फाटते. मोठे वादक आधी तीच तान गोगलगायीच्या चालीनं हजार वेळा वाजवतात. वेग त्यातून आपोआप येतो.

तिसऱ्या आठवड्यात पाऊस जोरात होता आणि बैठकीला सातच जणी आल्या. पण सगळ्यांत रंगलेली बैठक तीच. त्या दिवशी मुलीनंच आणलेलं लावलं, परदेशी संगीत. अंतोनियो विवाल्दी नावाचा इटलीतला व्हेनिस शहरातला पाद्री. त्यानं चार ऋतूंवर व्हायोलिनच्या चार रचना केल्या, १७२५ साली त्या छापून आल्या. त्यातला 'उन्हाळा' आम्ही ऐकला. सुरुवातीला सगळं सुस्त. उन्हानं माणसं, गुरं, झाडं मरगळलीत. मग लांबून गडगड. आणि तिसऱ्या भागात वादळ फुटतं. तीनएक मिनिटं व्हायोलिन अक्षरशः कोसळतं. रचनेबरोबर एक कविताही छापलेली आहे, त्यात गारपिटीनं उभं पीक झोडपल्याचं सांगितलं आहे.

हे कळल्यावर खोलीत कुणी बोललं नाही. आमच्याकडं भात पिवळं होऊन कापणीला आलेलं असतं आणि जाता पाऊस त्याला आडवं करतो. ओंब्या चिखलात, वर पाणी, आणि बांधावर आपण. हे दुःख तीनशे वर्षांपूर्वी परदेशातल्या कुणी चार तारांवर वाजवून ठेवलंय हे आम्हाला माहीत नव्हतं. बाहेर पत्र्यावर पाऊस, आत स्पीकरवर वादळ. एकजण म्हणाली, "पुन्हा लाव." तीन वेळा लावलं.

विवाल्दीची दुसरी गोष्ट आम्हाला आणखी आवडली. १७०३ पासून तो व्हेनिसच्या एका अनाथालयात व्हायोलिन शिकवत होता. टाकून दिलेल्या मुली तिथं वाढायच्या. त्यांच्यातल्या हुशार मुलींना संगीत शिकवत. चर्चमध्ये उंच सज्जात जाळीआड बसून त्या वाजवायच्या, म्हणजे लोकांना ऐकू येणार, पण त्या दिसणार नाहीत. युरोपभरातून माणसं त्यांचं वादन ऐकायला येत. आन्ना मारिया नावाची त्यांच्यातली एक तर विवाल्दीच्या अवघड रचना वाजवण्यात नावाजलेली होती. जिला जन्मतः कुणी घरात ठेवलं नाही तिच्यासाठी एवढा मोठा माणूस मुद्दाम रचना लिहीत होता.

पागानिनीबद्दल थोडक्यात सांगतो. हाही इटलीचाच, १७८२ ते १८४०. इतकं अफाट वाजवायचा की लोक म्हणत यानं सैतानाशी सौदा केलाय. मेल्यावर कित्येक वर्षं त्याला दफनभूमीत नीट जागासुद्धा मिळाली नाही. कुणी फार पुढं गेलं की लोक काहीबाही बोलतात, ते तिकडंही होतं म्हणायचं. हा पागानिनी कधीकधी चारपैकी एकाच तारेवर आख्खी रचना वाजवायचा. हे ऐकून एकजण पटकन म्हणाली, "मग शाहिराचं तुणतुणं काय वेगळं करतं?" पुण्यतिथीला समाधीपाशी पोवाडा ऐकलेल्या बाईचा हा प्रश्न आहे, तो वाया जायला नको म्हणून इथं सांगितला.

तुम्हालाही ऐकून बघायचं असेल तर सोप्यापासून सुरुवात करा. प्रभाकर जोग यांचं 'गाणारं व्हायोलिन' शोधा. सुधीर फडक्यांचे ते सहायक होते आणि १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेल्या गीतरामायणात त्यांचं व्हायोलिन होतं. ओळखीची मराठी गाणी ते अशी वाजवायचे की शब्द ऐकू आल्यासारखे वाटायचे. त्यानंतर सनई-व्हायोलिनची जुगलबंदी, मग पंडित दा. के. दातार किंवा राजमबाई. दातारांचं वादन शांत आहे, रात्री भांडी झाल्यावर ऐकायचं. पंडित गजाननराव जोशी गायचेही आणि व्हायोलिनही वाजवायचे. त्यांचे वडील अंतुबुवा औंधच्या दरबारी गवई होते. औंध म्हणजे काही मोठं शहर नव्हे, सातारा जिल्ह्यातलं आपल्यासारखंच गाव, आणि तिथं अंतुबुवांनी सुरू केलेला गाण्याचा उत्सव अजून भरतो. शास्त्रीय संगीत फक्त मुंबई-पुण्याच्या हॉलमध्ये असतं, हे आम्हाला वाटत होतं ते चूक होतं.

एकच विनंती. ऐकताना दुसरं काम हातात असलं तरी चालेल, पण अर्धा तास मधे कुणी हाक मारणार नाही अशी वेळ काढा. आमच्या गटात सगळ्यांत अवघड गेलं ते हेच. राग समजला, गायकी अंग समजलं, पण अर्धा तास स्वतःसाठी बसायचं तर सासूला काय सांगायचं? शेवटी बैठकीची वेळच अर्ध्या तासानं लांबवली आणि घरी तशी सांगितली. यात खोटं काहीच नव्हतं.

चौथ्या आठवड्यात निर्णय झाला. शिकायला लागणारं वाद्य पाच-सहा हजारांत येतं, तेवढ्यात भागवायचं ठरलं. सुट्टीत मुंबईचे गुरुजी शिकवणार आणि एरवी फोनवर बघणार. गावातल्या भजनी मंडळाचे पेटीवाले बुवा रोज संध्याकाळी सा लावून देणार. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा व्हायोलिनलाही असतात, त्या द्यायच्या. शास्त्रीय कला शिकणाऱ्या मुलांना दहावीला वाढीव गुणांची सोय आहे, त्याचे नियम शाळेत विचारून घ्यायचे. मतं पडली. आम्ही अकराजणी, आठ बाजूनं, तीन विरुद्ध. शेळीवाल्या वहिनीनं विरुद्ध मत दिलं आणि तिचं म्हणणं जसंच्या तसं इतिवृत्तात लिहून घेतलं. पुढच्या कर्जात पहिला नंबर तिचा, हाही ठराव त्याच दिवशी झाला. नोंदवहीत कारणाच्या रकान्यात 'शिक्षण' लिहावं असं एकीनं सुचवलं. ताई म्हणाली, "नको. व्हायोलिनच लिहा."

वाद्य गणपतीत आलं, मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या सामानात, गोधडीत गुंडाळून. तेव्हापासून मुलगी रोज पहाटे गोठ्यात बसून वाजवते. घरात वाजवलं तर आजोबा ओरडतात. आणि पहिले काही महिने तो आवाज ऐकायला खरंच छाती लागते, बिजागरी परवडली. शेळीवाल्या वहिनीचं घर गोठ्याला लागूनच आहे. परवा बैठकीला आली ती कपाळावर हात मारतच. म्हणाली, "महिना झाला, अजून हिचा पंचम उतरतोय. कुणीतरी सांगा तिला, बोट जरा पुढं घे म्हणावं."

पाचशेचा पहिला हप्ता आणि व्याज वेळेवर जमा झालं. वहिनीची शेळी दिवाळीनंतर येतेय.